दोन ऊन आणि एक कोळी

इंदूरहून आलेली आमची नात म्हणाली, “आजोबा, हा स्वेटर ऊनचा आहे.” पुण्याचा नातू पोट धरून हसला. “उन्हाचा स्वेटर? मग सावलीचा पायजमा कुठाय?”

हसतोस काय रे? बरोबर दोघंही आहात. आपलं ऊन आलं संस्कृतातल्या ‘उष्ण’पासून. प्राकृतात त्याचं ‘उण्ह’ झालं, आणि शेवटचा हकार जिरून गेल्यावर उरलं ते अंगणात पडणारं ऊन. अजून ‘उन्हात’ म्हणताना तो ह डोकावतोच बघ. हिंदीतलं ऊन आलं ‘ऊर्णा’पासून. ऊर्णा म्हणजे लोकर. पालीत तिला ‘उण्णा’ म्हणत. दोन शब्द दोन गावांहून निघाले आणि झिजत झिजत सारख्याच चेहऱ्याचे झाले. रक्ताचं नातं काही नाही.

ऊर्णेचे खरे नातेवाईक बघायचे तर पार युरोपात जावं लागतं. इंग्रजीतलं ‘वूल’ आणि लॅटिनमधलं ‘लाना’ तिच्याच कुळातले. आईच्या क्रीमच्या डबीवर ‘लॅनोलिन’ लिहिलेलं असतं ना? मेंढीच्या लोकरीतलं ते मेण. त्याचं नाव ह्या लानावरूनच पडलं.

आणि एक नातेवाईक तुमच्या माळ्यावर बसलाय. कोळी! संस्कृतात त्याला ऊर्णनाभ म्हणतात, म्हणजे बेंबीत लोकर असलेला. नाव छान, पण दोन्ही बाबतींत फसलेलं. अंड्यातून निघालेल्या कोळ्याला बेंबी कुठली? त्याच्या पोटाच्या मागच्या टोकाला बारीक बोंडं असतात, धागा तिथून येतो. तो पोटात धागा म्हणून नसतोच मुळी, दाट द्रव असतो. बाहेर ओढला जाताना त्याचा तंतू होतो. लोकरही नव्हे ती, जात रेशमाची. लोकर ज्या केराटिनची, त्याचीच आपली नखं, केस आणि मेंढ्याची शिंगं.

मात्र जुन्या लोकांची नजर तीक्ष्ण होती हं. मुंडक उपनिषदात ऊर्णनाभीचा दाखला आहे : तो धागा बाहेर काढतो आणि परत आत घेतो. मला वाटायचं, हे कवीचं बोलणं. पण चाकासारखं जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं खरोखर खाऊन टाकतात आणि त्यातली प्रथिनं नव्या धाग्याला वापरतात. कुणीतरी पहाटे जाळ्यासमोर बराच वेळ बसलं असणार.

आता नातवाचा खरा प्रश्न. लोकरीत ऊन असतं का? थर्मामीटरला कोरडा स्वेटर गुंडाळून ठेव. पारा तसूभर हलणार नाही. लोकर अडवते ती हवा. तिचे तंतू कुरळे, त्यामुळे हवा त्यांच्यात अडकून पडते आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. बर्फ गुंडाळलास तर बाहेरची उष्णता आत शिरत नाही, बर्फ उशिरा वितळतो.

पण थांब, गंमत पुढेच आहे. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात. पाण्याचा थेंब त्यांच्यावरून घरंगळतो, वाफ मात्र आत शिरते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प पिते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि बाष्प असं धरलं गेलं की उष्णता बाहेर पडते. म्हणजे कोरडी लोकर दमट हवेत गेली की थोडा वेळ खरंच तापते! सनगरांनी विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं घ्या. धनगर त्याची खोळ करून पावसात मेंढरांमागे उभा राहतो, तेव्हा ते पाणी अडवतं आणि वर ही थोडी ऊबही देतं.

हे घरी करून पाहायचं तर स्वेटर आधी चांगला वाळवा आणि थर्मामीटरसकट वाफेनं भरलेल्या न्हाणीघरात न्या. मात्र स्वेटर खऱ्या लोकरीचा हवा. बाजारात मिळतात ते बरेचसे ॲक्रिलिकचे, बाष्प पिण्यात अगदीच कच्चे. शंका आली तर एक सुटा धागा आईला चिमट्यात धरून जाळायला सांगा. केस जळल्याचा वास आला तर लोकर. वितळून कडक गोळी झाली, तर दुकानदारानं फसवलं.