ओताऱ्याचे नाव

मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९२३ साली सिंगारवेलूंनी मे दिन साजरा केला. त्याच किनाऱ्यावर १९५९ साली देवीप्रसाद रायचौधुरींचे ‘श्रमाचा विजय’ हे ब्राँझचे शिल्प उभे राहिले. चार मजूर धोंडा रेटीत आहेत. आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांना ते आपले वाटते.

पण ब्राँझची मूर्ती होते कशी? जुनी रीत अशी: आधी मेणाची मूर्ती करावयाची, तिजवर मातीचे लेप द्यावयाचे, मग साचा तापविला, की मेण वाहून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकीही अशीच ओतलेली. ओतताना हात अडखळला, तर सारी मेहनत फुकट! शिल्पकाराचे नाव आपण सांगतो. भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या ओताऱ्याचे नाव मात्र आपल्याकडे चौथऱ्यावर क्वचितच कोरतात. आम्हांला हे खटकते.