कंदीलपुष्पाच्या पोटातली माशी

सह्याद्रीत कंदीलपुष्पं मोजायला मे महिन्यात गेलात, तर उत्तर हमखास शून्य येतं. झाड असतं, पण कंद होऊन जमिनीखाली झोपलेलं. पावसाबरोबर कोंब वर येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतो आणि पावसाळा सरला की पुन्हा गायब. नुसत्या पानांवरून जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, त्यामुळे मोजणीला हातात उरतात ते फुलांचे मोजके आठवडे, तेही धुक्यात, निसरड्या कड्यावर.

फूल मात्र बघत राहावं असं! तळाशी फुगीर, मधे अरुंद नळी, वर पाच पाकळ्या टोकांशी जुळून झालेली छत्री. हा सगळा पिंजरा आहे. वासाला भुलून चिमुकली माशी नळीत घसरते. अनेक जातींत आतले केस खालच्या दिशेला वळलेले असतात, म्हणजे उतरता येतं, चढता येत नाही. काही जातींत तळाची भिंत इतकी पातळ की उजेड आत झिरपतो आणि माशी सुटकेच्या आशेनं तिकडेच, परागांपाशी, घुटमळते. परागांची जोडपिशवी चिमट्यासारखी तिच्या सोंडेला अडकते. मग केस कोमेजतात, फूल कलतं, कैदी सुटतो आणि बहुधा पुढच्याच फुलात पुन्हा फसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीचा कावा तर २०१६ साली उलगडला: तिचं फूल जखमी मधमाशीचा वास सोडतं आणि कोळ्याच्या तावडीतल्या मधमाशीवर ताव मारणाऱ्या माश्या धावत येतात. फुलानं इतकं खोटं बोलावं!

नमुना जपण्यासाठी असं फूल टिपकागदात दाबलं की त्याचा आकारच जातो. म्हणून एखादं फूल अल्कोहोलच्या बाटलीत जातं आणि कागदावर चढते फक्त फांदी. कंद उपटायचा नाही. पूर्वी नमुना मुळासकट घेत. शंभरही झाडं नसलेल्या कड्यावर ते परवडत नाही. नोंदवहीत मोठी झाडं, रोपं आणि शेंगा वेगवेगळ्या मोजतात. फुलं भरपूर आणि शेंगा नाहीत, तर दुखणं परागीभवनात; शेंगा आहेत आणि रोपं नाहीत, तर दुखणं चराईत, वणव्यात किंवा आणखी कशात.

या कामात गुराख्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. खरचुडीचे, म्हणजे कंदीलपुष्पाचेच, कंद त्यानं लहानपणी उकरून खाल्लेले असतात. रानडुक्कर आणि साळिंदरही त्या कंदांचे वाटेकरी. झाडांची नेमकी जागा मात्र मोजणीच्या अहवालात छापू नये, असं माझं ठाम मत आहे. हौशी संग्राहक अहवाल फार मन लावून वाचतात.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात कंदीलपुष्पाच्या अनेक जाती वाढवल्या आहेत. बियांवर रेशमी केसांचा झुपका असतो, शेंग तडकली की बी वाऱ्यावर जातं. म्हणून शेंगेला आधीच जाळीची पिशवी बांधावी लागते. कुंडीत रोप जगवणं त्यामानानं सोपं. पण डोंगरावर परत लावलेल्या झाडाला शेंग धरायला तिथे माशी हवी. म्हणून आता अभ्यासक फुलं अलगद चिरून आतल्या माश्याही गोळा करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेकीची सोंड तपासतात: पराग चिकटलेत का, आणि कुठल्या जातीचे.