गोळीच्या पलीकडे (७) : ज्या रक्तात सापडलं, तिथंच चाललं नाही

आज एचआयव्हीवरच्या प्रतिपिंडांच्या किमतीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या शनिवारवर ढकलतो, कारण कऱ्हाडच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न डोक्यातून जात नाही. त्या विचारतात, "ही व्यापक, म्हणजे विषाणूच्या अनेक वाणांना रोखणारी, प्रतिपिंडं एचआयव्हीची लागण झालेल्या माणसांच्याच रक्तातून मिळाली, असं तुम्ही लिहिलंत. मग ती माणसं बरी का झाली नाहीत?" या अख्ख्या विषयातला माझा सर्वांत लाडका प्रश्न त्यांनी नेमका पकडला आहे.

त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नातालमध्ये जाऊ. डर्बनच्या 'काप्रिसा' या संशोधन संस्थेत लागणीच्या सुरुवातीच्या काळापासून काही स्त्रियांच्या रक्ताचे नमुने ठरावीक अंतराने घेऊन जपून ठेवले जात. त्यांतल्या एकीला शास्त्रीय जगत फक्त 'कॅप २५६' या क्रमांकाने ओळखतं. पहिल्या लागणीनंतर काही महिन्यांतच तिला एचआयव्हीच्या दुसऱ्या वाणाची लागण झाली. पेनी मूर, लिन मॉरिस आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी तिचे जुने नमुने तारखेवार उलगडले आणि २०१४ साली 'नेचर'मध्ये तिच्या प्रतिपिंडांची कुळकथाच मांडली.

एचआयव्हीच्या बाहेरच्या प्रथिनावर साखरेच्या रेणूंचं दाट आवरण असतं. त्या प्रथिनाचं जवळजवळ निम्मं वजन साखरेचंच. त्यातून आत पोचायला प्रतिपिंडाचा एक विशिष्ट पदर लांब असावा लागतो. माणसात तो साधारण १५ अमिनो आम्लांचा असतो. हिच्या प्रतिपिंडांत तो ३५ किंवा त्याहूनही लांब निघाला. ही लांबी हळूहळू वाढलेली नव्हती. प्रतिपिंडं बनवणाऱ्या ज्या बी पेशीपासून हे कुळ सुरू झालं, तिच्यातच ती होती.

पुढची हकीकत मी कितीदा वाचली तरी मन भरत नाही. प्रतिपिंड विषाणूला अडवतं. पण उपचार सुरू नसलेल्या शरीरात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात आणि नक्कल करताना सतत चुका होतात. त्या गर्दीत एखादा असा निघतोच, ज्याला हे प्रतिपिंड चिकटत नाही. तो टिकतो, वाढतो. मग बी पेशींची पुढची पिढी त्या बदललेल्या विषाणूला धरायला शिकते. तोही बदलतो. असे नाना अवतार समोर येत गेल्यामुळेच तिची प्रतिपिंडं व्यापक झाली, जगभरच्या कितीतरी वाणांना रोखू लागली. आणि तोवर तिचा स्वतःचा विषाणू त्यांच्या हातून निसटलेला होता. तो निसटत गेला नसता, तर ती इतकी व्यापक झालीच नसती. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. व्हीआरसी०१ हे असंच दुसरं व्यापक प्रतिपिंड; ते ज्या दात्याच्या रक्तातून मिळालं, त्याच्या शरीरातले विषाणूही त्या प्रतिपिंडाला दाद देईनासे झाले होते.

मग ही प्रतिपिंडं दुसऱ्यांना का द्यायची? दुसऱ्या माणसातल्या विषाणूने बहुधा या प्रतिपिंडाचं तोंडही पाहिलेलं नसतं. शिवाय आधी एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांनी विषाणू दाबून ठेवला, की त्याला बदलायला फारसा वाव उरत नाही. तरीही दाद न देणारा एखादा वाण मुळातच दडून बसलेला असू शकतो. व्हीआरसी०१ एकटंच वापरून लागण टाळता येते का, हे साडेचार हजारांवर माणसांत पाहिलं गेलं. २०२१ साली निकाल आला : एकूण लागण लक्षणीय कमी झाली नाही, पण ज्या वाणांवर ते चालतं, त्यांच्याविरुद्ध सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळालं. म्हणून तर दोन प्रतिपिंडं एकत्र द्यायचा मागच्या भागातला आग्रह.

कॅप २५६ च्या कुळातलंच एक सुधारित प्रतिपिंड पुढे डर्बनमध्येच २० स्त्रियांना, व्हीआरसी०७ या आणखी एका प्रतिपिंडाच्या सुधारित रूपाबरोबर आणि प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या एका औषधासह दिलं गेलं. त्यांच्या गोळ्या थांबवल्या, रक्ताची वारंवार तपासणी ठेवली. चौघी ५५ आठवडे गोळीविना राहिल्या. बहुसंख्य स्त्रियांना गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या, हेही तितक्याच ठळकपणे सांगतो. एआरटी केंद्रातून गोळ्या नेणाऱ्या कोणीही हे वाचून एकही डोस चुकवू नये.

त्या स्त्रियांच्या अंगातला विषाणू 'सी' उपप्रकाराचा होता. भारतातही बहुतांश लागण त्याच उपप्रकाराची आहे, त्यामुळे डर्बनची ही बातमी मला घरची वाटते. दिल्लीच्या एम्समध्ये कल्पना लूथरा यांच्या गटाने 'सी'ची लागण असलेल्या एका लहान मुलाच्या रक्तातून 'एम्स-पी०१' हे प्रतिपिंड वेगळं केलं. त्याने त्या मुलाच्या स्वतःच्या शरीरात बदलत गेलेल्या विषाणूंनाही रोखलं. म्हणजे मघाच्या उत्तराला पुरवणी हवी : स्वतःचा विषाणू दरवेळी निसटतोच असं नाही. मुलांत आणखी एक फरक दिसतो. मोठ्यांना व्यापक प्रतिपिंडं बनवायला बहुधा काही वर्षं लागतात, काही बाळांत ती वर्षभरातच दिसतात. मुलांवर एक स्वतंत्र भाग लिहिणारच आहे, पण किमतीच्या हिशेबानंतर.