रीबसचे वय

इअन रँकिन यांची ‘मिडनाइट अँड ब्लू’ (२०२४) ही जॉन रीबस मालिकेतील २५वी कादंबरी. एडिंबरोच्या तुरुंगात, कुलूपबंद कोठडीत एका कैद्याचा खून होतो. बंद खोलीतला खून हा रहस्यकथेचा जुनाच साचा; पण इथे छडा लावणारा निवृत्त पोलीस अधिकारी स्वतःच त्या तुरुंगात कैदी आहे. या मालिकेतले नवे पुस्तक हाती आले, की खुनी कोण यापेक्षा आधी माझ्या मनात येते : रीबसची तब्येत कशी आहे? रहस्यकथेच्या वाचकाला असा प्रश्न पडावा, हे मुळात नवलाचे आहे.

कारण या प्रकारातल्या नायकाला सहसा वय नसते. अगाथा ख्रिस्तींचा पॉयरो १९२०च्या पहिल्याच कादंबरीत बेल्जियन पोलीस दलातून निवृत्त झालेला होता. तरी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो गुन्हे उकलत राहिला. त्याचा शेवट सांगणारी ‘कर्टन’ ख्रिस्तींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून बाजूला ठेवली आणि ती प्रसिद्ध झाली १९७५मध्ये. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझारचा जन्म कोणत्या साली झाला, हे आपल्याकडे तरी कोणी विचारले? शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश मात्र लग्न करतो, बाप होतो. म्हणजे दुसरी वाटही होतीच.

रँकिन यांनी ती फार लांबवर नेली. १९८७च्या ‘नॉट्स अँड क्रॉसेस’मध्ये रीबस चाळिशीचा होता. २००७च्या ‘एक्झिट म्युझिक’मध्ये तो साठाव्या वर्षी नियमानुसार निवृत्त झाला. २०१२मध्ये परतला तो जुनी प्रकरणे चाळणारा साधा नागरी कर्मचारी म्हणून. पुढे फुप्फुसांनी दगा दिला, जिने चढवेनात. मग त्याच इमारतीत तो तळमजल्यावर राहायला आला. शहराचेही वय वाढत गेले. ‘सेट इन डार्कनेस’मध्ये स्कॉटलंडच्या नव्या संसदेचे बांधकाम आहे, तर ‘द नेमिंग ऑफ द डेड’मध्ये जुलै २००५ची जी-८ परिषद.

वय वाढवण्यात नुसते वास्तवाचे भान नाही. अशा मालिकेत दोन हिशेब चालू असतात. खुनाचा हिशेब त्या त्या पुस्तकात मिटतो. माणसाचा पुढच्या पुस्तकात ओढला जातो. गुंडांचा म्होरक्या कॅफर्टी याच्याशी रीबसचे वैर आणि सलगी, वाकवलेले नियम, दुखावलेले सहकारी यांपैकी काहीच पुसले जात नाही. एकेकाळी त्याच्या हाताखाली शिकलेली शिवॉन क्लार्क आता स्वतः अधिकारी आहे, आणि त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहते.

‘अ हार्ट फुल ऑफ हेडस्टोन्स’ची (२०२२) सुरुवातच रीबस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असताना होते. नियम मोडून न्याय मिळवणारा पोलीस आपल्याला आवडतो. सुट्या कादंबरीत ती आवड फुकटात भागते. इथे ३५ वर्षांनी तिची किंमत मागितली गेली. म्हणूनच ‘मिडनाइट अँड ब्लू’मध्ये खुनी सापडतो, तेव्हा मला नेहमीचे समाधान पुरत नाही. तो सापडल्यावरही रीबसला जायचे असते कोठडीतच, आणि तो तिथे असणे अन्यायाचे आहे असे मला ठामपणे म्हणता येत नाही.