निरोगी माणूस दवाखान्यात कशाला येईल?

दहापैकी नऊ. १९३० च्या दशकात दक्षिण लंडनमधल्या पेकहॅम या कामगार वस्तीत घरादारासकट कुटुंबांची वेळोवेळी तपासणी केली, तेव्हा दर दहा जणांत जेमतेम एक जण निर्दोष निघाला. बाकीच्या नऊ जणांना काही ना काही होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा समज आपण ठणठणीत आहोत असाच होता. म्हणजे ही माणसं आपणहून डॉक्टरकडे गेली नसती. मग ती आली कशी?

याचं उत्तर ती जिथे आली त्या इमारतीच्या नकाशात आहे. डॉ. जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि डॉ. इनेस पिअर्स यांनी १९२६ मध्ये एका साध्या घरात या कामाची सुरुवात केली होती. ११२ कुटुंबं, नियमित तपासणी आणि सल्ला, एवढंच. तीन वर्षांत त्यांना कळून चुकलं, की दोष दुरुस्त करून घरी पाठवलेला माणूस त्याच कोंदट परिस्थितीत परत जातो आणि पुन्हा घसरतो. १९२९ मध्ये त्यांनी ते घर बंद केलं. १९३५ मध्ये उघडलं ते ‘पायोनिअर हेल्थ सेंटर’ वेगळंच होतं.

इंजिनिअर ओवेन विल्यम्स यांनी आखलेल्या या तीन मजली काँक्रीटच्या इमारतीत मधोमध पोहण्याचा तलाव होता, आणि त्याच्या बाजूला काचेच्या भिंती. कॅफेटेरियात चहा पिणाऱ्याला पलीकडे पोहणारी माणसं दिसायची. व्यायामशाळा होती, नाट्यगृह होतं, अनवाणी चालता यावं म्हणून बुचाची जमीन होती. तपासणीच्या खोल्या सगळ्यात वर! काच शोभेसाठी नव्हती. शिकवायला, हाकायला कुणी नेमायचं नाही असं ठरलेलं होतं. शेजारीण पोहते हे पाहून आपणही पाण्यात उतरावं, ही अपेक्षा होती. आरोग्य शिक्षणाची पोस्टरं चिकटवण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

वर्गणी आठवड्याला एक शिलिंग, तीही माणशी नव्हे, अख्ख्या कुटुंबामागे. अट अशी, की घर साधारण मैलभराच्या आत हवं आणि घरातल्या सगळ्यांनी तपासणी करून घ्यायला हवी. केंद्र स्वतःच्या पायावर उभं राहायला सुमारे २,००० कुटुंबं लागणार होती. मिळाली ९५० च्या आसपास. वर्षाला ५२ शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड, या हिशेबाने ५,२०० पौंडांच्या जागी वर्गणीतून २,४७० पौंडच जमत होते. युद्धात केंद्र बंद पडलं, १९४६ मध्ये पुन्हा उघडलं आणि १९५० मध्ये कायमचं मिटलं. इंग्लंडच्या नव्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत ते बसेना. ती सेवा आजाऱ्यांसाठी, मोफत आणि सर्वांना खुली. हे केंद्र निरोग्यांसाठी, वर्गणीवर आणि फक्त शेजारपाजाऱ्यांचं.

आता आपल्याकडच्या सरकारी आरोग्यसेवेचं माप बघा. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, १,२०,००० मागे ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, म्हणजे ४,००० माणसांना एक खाट. ही मापं लागतातच, पण ती मोजतात आजाऱ्याला. २०१८ पासून ‘आयुष्मान भारत’ योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, डिसेंबर २०२२ पर्यंत दीड लाख केंद्रांचं उद्दिष्ट होतं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, योगाचे वर्ग घ्यायचे, हे त्यांच्या कामात आलं.

आता साधा गुणाकार. ५,००० वस्तीत तिशीच्या पुढचे २,००० जण धरू. वर्षातले ३०० दिवस केंद्र चाललं, तर वर्षाकाठी सगळ्यांची एकेक तपासणी करायला दिवसाला सातच माणसं पुरतात. सात माणसांचा रक्तदाब मोजणं कठीण नाही. ठणठणीत वाटणाऱ्या सात जणांनी रोज यावं असं तिथे काय आहे, हा प्रश्न कठीण आहे. बहुतेक उपकेंद्रांत एक टेबल, एक बाकडं, लसीकरणाचा तक्ता असतो. आशाताई घरोघरी फिरून माणसं गोळा करतात.

नकाशाने फरक पडतो, हे गडचिरोलीत दिसलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते हे त्यांनाच विचारलं, आणि शोधग्राम या आपल्या आवारातलं रुग्णालय झोपड्यांच्या रूपात, नातेवाइकांना सोबत राहता येईल असं बांधलं. नाव दिलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

उपकेंद्राला तलाव परवडणार नाही, हे उघड आहे. पण बायकांना बसता येईल असा सावलीतला ओटा, पाणी, स्वच्छ संडास आणि पोरांना खेळायला अंगण यांचा खर्च फार नाही. वेळेचा प्रश्न त्याहून मोठा. पेकहॅमचं केंद्र दुपारपासून रात्रीपर्यंत उघडं असे, कारण कामगार संध्याकाळी मोकळा होई. आपलं उपकेंद्र दिवसा चालतं, आणि दिवसा तपासणीला गेलेल्या शेतमजूर बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो.