बाटलीवर काय लिहिलंय?

एसटी स्टँडवर 'एक बिसलेरी द्या' म्हटलं की कुठल्याही कंपनीची बाटली हातात येते आणि आपण तिला खुशाल मिनरल वॉटर म्हणतो. ही सवय साठ वर्षांत लागली, आणि तिची सुरुवात ठाण्याची. १९६५ साली वागळे इस्टेटमध्ये बिसलेरीचा कारखाना उभा राहिला. नाव इटलीच्या फेलिचे बिसलेरींचं. त्यांची ख्याती मुळात लोह आणि सिंकोना घातलेल्या टॉनिकवजा मद्याची. काचेच्या बाटलीतलं हे पाणी मुंबईच्या बड्या हॉटेलांपुरतंच राहिलं. दारी आलेल्याला गूळपाणी देणारे, उन्हाळ्यात पाणपोई घालणारे आपण. पाण्याला पैसे मोजणं पचनी पडणार कसं? प्रवासाला निघताना आमच्या घरी फिरकीचा तांब्या भरला जाई. त्यातल्या पाण्याला पितळेचा किंचित वास असे, आणि शेजारचा प्रवासीही ते हक्काने मागून घेई.

१९६९ साली पार्लेच्या चौहानांनी बिसलेरी चार लाखांना घेतली, तीही मुख्यतः सोड्यासाठी. पुढे काच जाऊन प्लास्टिक आलं आणि पाणी फलाटावर पोहोचलं. १९९३ मध्ये थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकल्यावर चौहानांनी पाण्यावरच भर दिला. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली-मुंबईतल्या बाटल्या तपासल्या, तेव्हा त्यांत कीटकनाशकांचे अंश निघाले. ज्याच्या शुद्धतेसाठी पैसे मोजले, त्याबद्दलचा हा धक्का मोठा होता.

या सगळ्यात एक फरक मात्र आपण कधी नीट समजून घेतला नाही. सरबत, सोडा, कोल्ड्रिंक ही बनवलेली पेयं. खरं मिनरल वॉटर कोणी बनवत नाही. जमिनीखालच्या स्रोतातून ते निघतं, उगमापाशीच बाटलीत भरलं जातं, आणि त्यातले क्षार असतील तसेच ठेवावे लागतात. आपल्याकडे सर्रास विकलं जातं ते मात्र बोअरचं किंवा नळाचं पाणी. आरओने गाळलेलं, ओझोनने निर्जंतुक केलेलं, बहुधा वरून मोजून क्षार घातलेलं. पिण्यात वावगं काही नाही, पण तेही बनवलेलंच.

आत्ता टेबलावर लिटरची एक बाटली आहे. लेबलवर डोंगर, निळं आकाश, आणि खाली बारीक अक्षरांत 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर'. 'मिनरल वॉटर' हे शब्द कुठेच नाहीत. पुढची बाटली घ्याल तेव्हा डोंगर सोडून ती बारीक ओळ तेवढी वाचा.