बेरीज शंभराच्या वर का जाते?

कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं त्या वर्षी एका रविवारी मामा मला महालक्ष्मीला घेऊन गेले. देवीला नव्हे, रेसला. मामा लालबागच्या एका गिरणीत होते. कानावर पेन्सिल, हातात चुरगळलेलं रेसबुक. मी कठड्याला टेकून घोडे बघत होतो. काय ती तुकतुकीत जनावरं! मामांनी माझी मान धरून बुकींच्या पाट्यांकडे वळवली. म्हणाले, "अरे, घोडा नंतर बघ. आधी भाव बघ."

त्या शर्यतीत चारच घोडे होते. त्यांच्यापुढचे आकडे मला अजून पाठ आहेत, कारण परतीच्या लोकलमध्ये मी तिकिटाच्या मागे त्यांची बेरीज केली होती : १-१, २-१, ४-१ आणि ९-१. मामांनी ४-१ वर दहा रुपये लावले. घोडा दुसरा आला, मानेएवढ्या अंतरानं हरला. रेसवाले या अंतराला 'नेक'च म्हणतात. त्याहून कमी फरक असला तर 'शॉर्ट हेड'. तिकीट मात्र दोन्ही वेळा सारखंच फाटतं.

आता ती बेरीज. १-१ ला 'इव्हन मनी' म्हणतात. एक रुपया लावला आणि घोडा लागला, तर आपला रुपया परत आणि वर एक रुपया नफा. ४-१ म्हणजे रुपयाला चार रुपये नफा. नवख्याला इथपर्यंत सगळं कळतं. पुढची पायरी कुणी सांगत नाही. उजवीकडच्या आकड्याला दोन्ही आकड्यांच्या बेरजेनं भागा. ४-१ चे होतात एक पंचमांश, म्हणजे २० टक्के. त्या भावात दडलेली घोड्याची जिंकण्याची शक्यता ती हीच. याच रीतीनं १-१ चे ५० टक्के, २-१ चे ३३.३३, ९-१ चे १०. चौघांची बेरीज ११३.३३.

चारांपैकी एक घोडा जिंकणार हे नक्की, तेव्हा शक्यतांची बेरीज १०० व्हायला हवी. वरचे तेरा आले कुठून? त्या दिवशी मला वाटलं, माझंच गणित चुकलं. ते तेरा बुकीचे होते. ब्रिटनमध्ये याला 'ओव्हरराउंड' म्हणतात, अमेरिकेत 'व्हिग'. पाटीवर हा आकडा कुठेही लिहिलेला नसतो; आपणच बेरीज करून काढायचा.

तो कसा वसूल होतो ते पाहा. समजा चार घोड्यांवर अनुक्रमे १५०, १००, ६० आणि ३० रुपये लागले. बुकीकडे जमा ३४०. पहिला घोडा आला तर १५० चे दुप्पट, म्हणजे ३०० द्यायचे. दुसरा आला तर १०० चे तिप्पट, पुन्हा ३००. तिसरा आला तर ६० चे पाचपट, चौथा आला तर ३० चे दहापट. कुणीही जिंको, देणं ३०० आणि शिल्लक ४०. म्हणून बुकीला अमुकच घोडा जिंकावा असं काही वाटत नसतं. त्याला वही जुळायला हवी असते, आणि बुकी हा शब्दही त्या वहीवरूनच, 'बुक'वरूनच आला. प्रत्येक घोड्याला निराळा भाव देऊन अशी वही मांडणारा पहिला माणूस म्हणून इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या हॅरी ऑगडेनचं नाव घेतलं जातं, अठराव्या शतकाच्या शेवटी.

एखाद्या घोड्यावर फार पैसा आला की वही कलते. मग बुकी त्याचा भाव उतरवतो आणि बाकीच्यांचा चढवतो, म्हणजे पुढचा पैसा दुसरीकडे वळेल. भाव सगळ्यांत खाली उतरलेला घोडा 'फेव्हरिट'. त्याची तब्येत तासाभरात सुधारली असं नाही, त्याच्या नावावर पैसा आला, इतकंच. भाव म्हणजे शक्यता असं समजणारा माणूस दुकानातल्या छापील किमतीलाच मालाचा खर्च समजणाऱ्यासारखा आहे.

हा भाव लिहिण्याच्या तऱ्हा मात्र देशोदेशी वेगळ्या, आणि नवखा तिथेच गडबडतो. ब्रिटिश ५-२ म्हणतील, युरोपीय ३.५० लिहितील, अमेरिकी +२५०. तिन्ही एकच. ३.५० मध्ये आपला रुपया धरलेला असतो. +२५० म्हणजे शंभरावर अडीचशे नफा. अमेरिकी पद्धतीत उणे चिन्ह दिसलं, समजा -२००, तर अर्थ उलटा : शंभर कमवायला दोनशे लावा. मला दशांशाची पद्धत सगळ्यांत सरळ वाटते. एकाला भावानं भागलं की शक्यता हातात येते.

आपल्याकडचा क्रिकेटचा सट्टा चालतो पैशांत, रुपया-पैशांतल्या पैशांत. तो बेकायदा आहे. पोलीस कारवाईच्या बातम्यांमुळे त्यातले 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी हे शब्द घरोघरी पोचले. त्याचं गणित तेवढं पोचलं नाही. समजा एका संघाचा भाव '३०-३२'. 'लगाया' म्हणजे त्या संघाच्या बाजूनं : रुपया लावा, जिंकला तर ३० पैसे नफा. 'खाया' म्हणजे विरुद्ध : संघ हरला तर तुम्हाला रुपया, जिंकला तर तुमचे ३२ पैसे गेले. पहिल्यात दडलेली शक्यता ७६.९ टक्के, दुसऱ्यात २४.२. बेरीज १०१.१. रेसच्या पाटीशी तुलना केली तर बुकीचा हा वाटा फारच बारीक दिसतो. पण सामना चालू असताना भाव चेंडूगणिक हलतो, एकच माणूस एका संध्याकाळी वीस वेळा आत-बाहेर करतो, आणि दर फेरीला तो बारीक वाटा कापला जातो.

बुकीची पाटी सोडून रेसकोर्सवर दुसरी खिडकी असते ती टोटची, म्हणजे टोटलायझेटरची. तिथे भाव कुणी देतच नाही. ही कल्पना पॅरिसमधल्या जोसेफ ओलेरची, १८६० च्या दशकातली. (याच गृहस्थानं पुढे १८८९ मध्ये 'मुलाँ रूज' हे नाट्यगृह भागीदारीत काढलं.) सगळ्यांचे पैसे एका राशीत टाकायचे, क्लबनं आणि सरकारनं आपला हिस्सा काढायचा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. राशीत एक लाख जमले आणि २० टक्के कापले, तर उरले ८० हजार. जिंकलेल्या घोड्यावर एकूण १० हजार लागले असतील, तर रुपयाला आठ रुपये. पण तुम्ही ऐन वेळी त्याच घोड्यावर आणखी १० हजार टाकलेत तर? रास १ लाख १० हजार, वाटायला ८८ हजार, आणि वाटेकरी रुपये २० हजार. रुपयाला ४ रुपये ४० पैसे. स्वतःच्याच पैशानं स्वतःचा भाव पाडला! टोटवर आपण क्लबशी खेळत नसतो, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी खेळत असतो.

ही बेरीज सतत चालू ठेवणं हे मोठंच काम. शंभर खिडक्यांवर तिकिटं फाटत असतात आणि प्रत्येक घोड्याची रास क्षणाक्षणाला वाढत असते. ते सोडवलं सिडनीच्या जॉर्ज ज्युलियस या अभियंत्यानं. त्यानं आधी मतमोजणीचं यंत्र तयार केलं होतं. सरकारनं ते घेतलं नाही. मग त्यानं मतांच्या जागी तिकिटं घातली. १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या एलर्सली रेसकोर्सवर ते यंत्र बसलं : दाती चाकं, तारा, सायकलच्या साखळ्या आणि खाली लोंबकळणारी जड वजनं. दोन खिडक्यांवर एकाच क्षणी तिकीट फाटलं तरी बेरीज चुकत नसे. अनेक माणसांनी एकाच वेळी वापरायच्या संगणकाचा हा पूर्वज, आणि तो जन्मला पैजेच्या खिडकीमागे. ज्युलियसचे वडील बिशप होते, ही त्यातली गंमत.

बुकी आणि टोट यांच्यात फरक किती पडू शकतो? १९६७ ची इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल शर्यत घ्या. तेविसाव्या अडथळ्यापाशी एक मोकाट घोडा आडवा आला आणि पुढचे बहुतेक सगळे एकमेकांवर आदळले. खूप मागे रखडलेला फॉइनाव्हन त्या गर्दीतून वाट काढून पुढे गेला आणि जिंकला. बुकींचा भाव होता १०० ला १. टोटनं दिले ४४४ ला १, कारण त्याच्यावर पैसे लावणारेच जवळजवळ नव्हते.

खिडकीवरचे बाकीचे शब्द सोपे आहेत. 'विन' म्हणजे पहिला, 'प्लेस' म्हणजे पहिल्या दोन-तिनांत. 'फोरकास्ट' म्हणजे पहिला आणि दुसरा, त्याच क्रमानं. 'क्विनेला' म्हणजे तेच दोन, क्रम कुठलाही. 'तनाला' म्हणजे पहिले तीन, क्रमानं. दहा घोडे असतील तर फोरकास्टच्या ९० शक्यता, क्विनेलाच्या ४५, तनालाच्या ७२०. 'जॅकपॉट'मध्ये पाच शर्यतींचे पाचही विजेते सांगायचे असतात. दर शर्यतीत दहा घोडे धरले तर एक लाख जोडण्या. इथे एक बारकावा आहे. पाच शर्यतींची साखळी बुकीकडे लावली, तर त्याचा वाटा पाच वेळा गुणला जातो. ११३.३३ च्या वहीवर पाच वेळा खेळलेल्या रुपयातून सरासरी ५३ पैसेच परततात. टोटच्या जॅकपॉटमध्ये कपात एकदाच होते. म्हणून तो स्वस्त झाला असं मात्र नाही. ती कपातच भरपूर असते.

घोडे आणि शक्यतांचं गणित यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. वनपर्वातल्या नलोपाख्यानात अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघालेला असतो, दमयंतीच्या स्वयंवराला. सारथी बाहुक, म्हणजे वेष पालटलेला नळ. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो, हिशेब जुळतो. मग दोघे विद्येची अदलाबदल करतात : राजाला अश्वविद्या, नळाला अक्षविद्या, म्हणजे फाशांचं ज्ञान. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात ही गोष्ट आवर्जून घेतली आहे. झाड पाहून पानाफळांचा अंदाज बांधणं आणि फासे जिंकणं या एकाच विद्येच्या दोन बाजू, हे त्या कथाकाराला ठाऊक होतं.

माणसाला उपजत मात्र हे गणित येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये घोड्यांच्या शर्यतींचे निकाल भावांशी ताडून पाहिले. लांबच्या भावाचे घोडे लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी वेळा जिंकतात, आणि फेव्हरिट वाटतं त्यापेक्षा जास्त. पुढे अनेक देशांतल्या रेसकोर्सवर असंच दिसलं. दहाचे हजार होण्याची आशा विकत घ्यायला आपण जास्त किंमत मोजतो. फॉइनाव्हनची गोष्ट मी वर सांगितली, तुम्ही ती चवीनं वाचलीत. त्या दिवशी हरलेल्या बाकीच्या त्रेचाळीस घोड्यांपैकी एकाचंही नाव मी सांगितलं नाही.

कायदा थोडक्यात. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं, म्हणून रेसकोर्सची खिडकी उघडी आहे. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. रेसच्या पैजेवरचा जीएसटी ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. तिकिटावर हा कर वेगळा भरायचा तर १०० रुपये लावायला १४० मोजावे लागतात. ४-१ चा घोडा लागला की हातात ५०० येतात. म्हणजे नुसती बरोबरी साधायलाही तो घोडा शंभरात २८ वेळा जिंकायला हवा. पाटीवरचा भाव सांगतो २०.

मामांच्या त्या घोड्याचा हिशेब मी पुढे पुन्हा केला, तोही कर न धरता. बुकीचे तेरा काढून टाकले तर त्याची खरी शक्यता उरते १७.६ टक्के. बेल लॅब्जमधल्या जॉन केली या शास्त्रज्ञानं १९५६ मध्ये दूरध्वनीच्या तारांवरच्या गोंगाटाचा अभ्यास करताना एक सूत्र मांडलं : खिशातला कितवा हिस्सा पैजेवर लावावा, याचं. नफ्याचा भाव गुणिले जिंकण्याची शक्यता, त्यातून हरण्याची शक्यता वजा, आणि उत्तराला भावानं भागायचं. चार गुणिले ०.१७६ म्हणजे ०.७०. त्यातून ०.८२ वजा. उत्तर शून्याच्या खाली येतं. मामांचे दहा रुपये त्यांच्या खिशातच राहायला हवे होते.